हायब्रीडचं दुसरं पीक

हल्ली आमच्या गावात जिथे पूर्वी लाँड्री होती तिथे गांजाचं दुकान निघालंय. अगदी राजरोस, काचेला दिवे लावून. मागच्या महिन्यात औषधं घेऊन परत येताना मी आत शिरले. वय झालं की कुणी कुठे अडवत नाही, हा एक फायदा. कपाटात ओळीने बरण्या, प्रत्येक बरणीवर वाणाचं नाव, कुठल्या दोघांचा संकर ते, झोप येते की भूक लागते ते, वास लिंबाचा की पाइनचा ते. शेजारी बियांची पाकिटं, त्यावर छापलेलं की हे बी लावा आणि अगदी हेच झाड मिळवा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. संकराच्या बियांना असं वचन देता येत नाही, हे ज्वारी पिकवणारा कुठलाही माणूस सांगेल.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "फर्स्ट टाइम?"

मी म्हटलं, "नो. आय यूज्ड टु ग्रो इट."

ती खो खो हसली, म्हणाली, "यू आर सो क्यूट." मला राग आला. तेवढ्यात तिने एका बरणीचं झाकण उघडून ती माझ्या नाकाजवळ धरली, आणि मी चक्क मागे सरले आणि दुकानाबाहेर पडले. मला भीती वाटली. तो वास येईल याची वाटली, आणि येणार नाही याची त्याहून जास्त.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही न्यू जर्सीत पिस्कॅटवेला एका म्हातारीच्या घरात, वरच्या मजल्यावर, भाड्याने राहत होतो. नवरा इंजिनिअर, व्हिसा त्याचा. (समोर मी त्याला अहोच म्हणायचे; लिहिताना कशाला?) मी त्याच्या व्हिसाला चिकटवलेली, काम करायला बंदी. भारतात मी ज्वारीच्या संशोधन केंद्रात होते. सकाळी लवकर शेतात उभं राहून चिमट्याने कणसातल्या एकेका फुलातले परागकोश काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची, मग दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्यावर झटकायचे, हे माझं काम. मान मोडून जायची, पण पुढच्या हंगामात ते बी उगवून आलं की मी नवं काहीतरी जगात आणलंय असं वाटायचं. इकडे आल्यावर त्याच हातांनी मी शेगडी दिवसातून दोनदा घासायचे. इतर बायका म्हणायच्या, "एन्जॉय कर ना, यार! आराम आहे." मला आराम नको होता. आरामाने मी इतकी चिडखोर झाले होते की नवरा ऑफिसातून आला की आधी दारातून माझं तोंड बघायचा आणि मग आत यायचा.

घरमालकीण सत्तरीच्या पुढची, एकटी, गुडघे गेलेले पण पाठ ताठ. माझं नाव तिच्या जिभेवर बसेना म्हणून ती मला हनी म्हणायची. मी तिला तोंडावर मॅम म्हणायचे, मनात म्हातारी. बोलायची अर्थात इंग्रजीत, पण मला ते आता मराठीतच आठवतं.

कपडे धुवायचं मशीन तळघरात होतं. पहिल्यांदा खाली गेले तेव्हा एका कोपऱ्यात लांबलचक टेबल दिसलं, त्यावर साखळ्यांनी टांगलेल्या ट्यूबलाइट, सगळ्या पेटलेल्या, आणि टेबलावर काहीही नाही. धूळसुद्धा नाही. म्हातारी विसरली असेल म्हणून मी बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी दिवे पुन्हा चालू. मी तिला सांगितलं तर म्हणाली, "असू दे, हनी. तो माझ्या मुलाचा टायमर आहे."

मुलगा घरांच्या छपरांची कामं करायचा. आम्ही तिथे राहायला जायच्या दोन वर्षं आधी असाच एका छपरावरून पडला आणि गेला. लग्न केलेलं नव्हतं, आईबरोबरच राहायचा. टायमर त्याने लावला होता, आणि तो काढायला कुणाचा हात धजला नाही. रोज सकाळी खट् आवाज व्हायचा आणि रिकाम्या टेबलावर उजेड पडायचा. संध्याकाळी पुन्हा खट् व्हायचं आणि अंधार. त्या संध्याकाळच्या आवाजाला मी दोनतीनदा खाली सापडले. कुणीतरी काम आटोपून उठल्यासारखं वाटायचं. मग मी कपडे धुवायची वेळ बदलली.

त्या वसंतात मी मागच्या अंगणात दुधी लावला. तिकडे मधमाश्या कमी होत्या की काय, कळी धरायची आणि गळून जायची, म्हणून मी नरफूल खुडून हाताने मादीफुलावर टेकवत होते. म्हातारी मागच्या पायरीवर बसून बघत होती.

"हे तू कुठे शिकलीस?"

मी सांगितलं की हाच माझा धंदा होता. दुसऱ्या दिवशी ती एकेक पायरी चढत वर आमच्या स्वयंपाकघरात आली आणि टेबलावर कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी ठेवली. आत बी होतं. मटकीएवढं, करड्या रंगाचं, वर नक्षीसारख्या रेघा. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी ते पाहिलेलं होतं. गांजाचं बी.

"हे काय आहे ते तुला कळलं," ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली. "बरं झालं. सांगायचं वाचलं."

मग तिने काय हवं ते सांगितलं. तिला ओढायचं नव्हतं, विकायचं तर मुळीच नव्हतं. मुलगा गेल्यावर वर्षभर घराला त्याचा वास होता. तो तळघरात ही झाडं वाढवायचा, संध्याकाळी तिथेच बसून ओढायचा, आणि त्याच्या कपड्यांना, पडद्यांना, जिन्याला तो वास धरलेला असायचा. जिवंत असताना ती त्यावरून त्याच्याशी भांडायची. मग एक दिवस त्याचं कपाट उघडलं तर आत नुसता लाकडाचा वास. "त्या दिवशी तो खरा गेला," ती म्हणाली. "मला तो एकदा परत हवाय. एकदाच. हे बी त्याच्या झाडांचं आहे. तू लाव."

मी तिला खोदून खोदून विचारलं, झाडं कशी दिसायची, सगळी सारखी का. तिला सगळं पाठ होतं, कारण तो कामावर असला की पाणी तीच घालायची. त्याच्याकडे दोन जाती होत्या. एक मित्राने कुठल्याशा डोंगराळ मुलखातून आणलेली, बुटकी, रुंद पानांची, लवकर तयार होणारी. दुसरी दक्षिणेकडच्या गरम देशातली, उंच, सडपातळ, फुलायला उशीर लावणारी. त्याने दोघांचा संकर केला. ती झाडं एका आईची जुळी असावीत तशी सारखी निघाली, ना उंच ना बुटकी, जोमदार, थंडी पडली की पानं जांभळी. तो त्यांच्यावर फार खूश होता. त्या झाडांत एक नर ठेवून त्याने हे बी धरलं, आणि ते लावायच्या आधीच तो पडला.

म्हणजे हे हायब्रीडचं दुसऱ्या पिढीचं बी होतं. आमच्याकडे संकरित ज्वारी आली तेव्हा कित्येकांनी पहिल्या वर्षीचं कणीस घरात राखून पुढच्या वर्षी पेरलं होतं, आणि उगवल्यावर कपाळाला हात लावला होता. एक ताट कमरेएवढं, एक डोक्यावर, एक भरलेलं, एक पोचट. पहिल्या पिढीत आईबापांचे गुण एकत्र बांधलेले असतात. दुसऱ्या पिढीत त्यांची वाटणी होते, घरात भावंडांची व्हावी तशी, आणि कुणाच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही. मी हे सगळं म्हातारीला सांगितलं. हेही सांगितलं की शेकडो झाडं लावली तर त्यातून एखादं त्याच्या झाडाच्या जवळचं निवडता येईल.

"मग लाव की शेकडो," ती म्हणाली. "डबी भरलेली आहे."

नवऱ्याला मी काही बोलले नाही. त्याची ग्रीन कार्डची फाइल नुकतीच पुढे गेली होती, तो पोलिसांची गाडी दिसली तरी स्वतःची गाडी चालवताना खांदे आखडून बसायचा. आणि खरं सांगायचं तर मला कुणाची परवानगी नको होती. मला काम हवं होतं. कुणीतरी माझ्याकडे माझ्या कामासाठी आलं होतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आधी थोडं बी उगवण बघायला म्हणून लहान कुंड्यांत टाकून तळघरात ठेवलं. जुनं बी, त्यातली सहाच रोपं वर आली. मग मी घरचा उपाय केला. डबीतलं उरलेलं सगळं बी रात्रभर भिजवलं, पातळ फडक्यात पुरचुंडी बांधली, आणि ओव्हनमध्ये ठेवून दिली. त्या जुन्या गॅसच्या ओव्हनमध्ये एक बारीक ज्योत कायम जळायची. आत छान ऊब असायची. माझं दही तिथेच लागायचं आणि मटकीला मोडही तिथेच यायचे.

रविवारी मी अंगणात होते. नवऱ्याला रविवारी स्वयंपाकाची हौस. मी वर आले तर घरभर गोड्या मसाल्याचा वास आणि तो कढईपाशी प्रसन्न मुद्रेने उभा.

"अगं, मोड मस्त आले होते, म्हटलं आज उसळ करू. पण मटकी कुठून आणलीस? कितीही शिजवली तरी टरफल कचकच लागतंय. पुढच्या वेळी एडिसनच्या त्या इंडियन दुकानातूनच आण."

मी ओव्हन उघडला. फडकं धुऊन वाळत घातलेलं होतं. माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून त्याच्या हातातला झारा पडला. मग सगळंच सांगावं लागलं. तो खुर्चीत बसला. आधी स्वतःचं पोट धरलं, म्हणाला, "मला चढेल का?" बियांना काही नसतं, असं मी ओरडून सांगितल्यावर त्याला पुढचं सुचलं.

"तुला वेड लागलंय का? डिपोर्ट करतील! सगळं कॅन्सल होईल! एका म्हातारीच्या नादाला लागून…" आणि मग त्याची नजर कढईकडे गेली. "अगं, मी तिला वाटीभर देऊन आलो."

दर रविवारी तो काही ना काही खाली नेऊन द्यायचा. मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. म्हातारी टेबलापाशी बसली होती, समोर वाटी पुसून स्वच्छ.

"छान होतं, हनी. जरा कुरकुरीत."

मी उभ्या उभ्या सांगितलं. ती वाटीकडे बघत राहिली. मग हसायला लागली. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, टेबलावर हात आपटत हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी पुढे होऊन तिचा खांदा धरला तर तिने माझा हात बाजूला केला, डोळे पुसले आणि विचारलं, "अजून आहे?"

नवरा कढईच घेऊन खाली आला. तिने पावाच्या तुकड्यांनी पुसून पुसून ती उसळ संपवली. आम्ही दोघं समोर बसून होतो. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "खाली जी सहा उरली आहेत त्यांना हात लावायचा नाही. पोलीस आले तर घर माझं, तळघर माझं, मुलगा माझा. तुम्ही फक्त वर राहता." नवरा मान खाली घालून हो म्हणाला. पुढे दोन आठवड्यांनी तोच खाली जाऊन ट्यूबलाइटच्या साखळ्या नीट करून आला.

सहा रोपं. जिथे शेतभर पेरून एखादं निवडायचं, तिथे सहा. मी म्हातारीला स्पष्ट सांगितलं की आता आशा धरू नका. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. रोज दुपारी ती खाली यायची, खुर्ची टेबलाजवळ ओढायची आणि बसायची. ती मुलाला शोधायची. उंचीत शोधायची, पानाच्या कडेत शोधायची. "तो असा वाकत नव्हता," एखाद्या झाडाकडे बघून म्हणायची, आणि मला कळायचं नाही की ती झाडाबद्दल बोलतेय की पोराबद्दल.

आणि झाडं तर अशी की एकाचं तोंड दुसऱ्याला नाही. एक गुडघ्याएवढं राहिलं, काळपट, पानं हाताच्या पंजाएवढी रुंद. एक सरळ ट्यूबलाइटला जाऊन टेकलं आणि शेंडा करपवून घेतला. त्याच्या पानांची बोटं बारीक, दोन पेरांत वीतभर अंतर. एकाचे देठ पहिल्यापासून जांभळे. एक सारखं रुसलेलं, कितीही जपा, पानं पिवळी. माझे हात शिवशिवायचे. बीजोत्पादनात आम्हाला पहिली गोष्ट शिकवतात ती भेसळ काढायची. रांगेत वेगळं दिसलं की उपट. त्या पिवळ्याला मी एकदा बुडातून धरलंही होतं.

"सोड ते," म्हातारी मागून म्हणाली. "तुला काय माहीत त्याने काय घेतलंय?"

फुलोरा यायला रात्र मोठी व्हावी लागते, शेवंतीला लागते तशी. म्हणजे टायमर बदलायला हवा होता. त्याने लावलेला टायमर. म्हातारी कितीतरी दिवस तयार होईना. मग एका दुपारी स्वतःच उठली आणि चकती फिरवली. दिवे आता लवकर बंद होऊ लागले, आणि संध्याकाळी तळघर अंधारात असायचं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. वेळ बदलली आहे म्हणून मी निर्धास्तपणे संध्याकाळी कपडे आणायला खाली गेले. मशीन बंद होतं, दिवे केव्हाच मालवलेले. आणि जुन्या वेळेला खट् झालं. अगदी ओळखीचं. मी जवळ जाऊन टायमर बघितला, चकती म्हातारीने ठेवली होती तिथेच. पाइप गार झाले की आकसतात, लाकूड आवाज करतं, हे मला कळतं, मी विज्ञान शिकलेली बाई आहे. पण कपड्यांची टोपली तिथेच टाकून मी वर आले, आणि ती आणायला नवऱ्याला पाठवलं.

पपईत असतात तशी या झाडांतही नर आणि मादी वेगळी. सहांपैकी एक नर निघाला, जांभळ्या देठांचा, सगळ्यात देखणा. त्याला ठेवलं असतं तर बी धरता आलं असतं, तिसऱ्या पिढीचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा शोध घेता आला असता. माझ्यातल्या संशोधकाला ते हवं होतं. पण नराचे पराग उडाले की बाकीच्यांचा जोर बियांत जातो, राळ कमी होते, वासही उतरतो. मी म्हातारीला दोन्ही बाजू सांगितल्या.

"मला बी नकोय, हनी. मी पुढच्या वर्षाची बाई नाही." तिने स्वतः तो नर मुळासकट उपटला आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसली.

पाच उरली. शरद ऋतू आला, मेपल लाल झाले, आणि खाली फुलं भरली. मला कबूल करायला हवं की सुंदर होती. बोंडांवर बारीक चकचकीत राळ, हात लावला की बोटं चिकट. आणि वास! पाच झाडांचे पाच. बुटक्याला रॉकेलचा. उंच होतं त्याला लिंबाच्या सालीचा. एकाला पिकून फुटलेल्या पेरूचा. एकाला ओल्या मातीचा. आणि त्या रुसलेल्या पिवळ्याला गाडीखाली सापडलेल्या स्कंकचा, त्या घाण वास सोडणाऱ्या प्राण्याचा, नाकाला रुमाल लावावा असा. म्हातारी एकेक बोंड चुरडून डोळे मिटून हुंगायची. मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी.

"रॉकेल. हे त्याचं जाकीट," ती म्हणायची. "लिंबू, हं, सकाळी उठून खाली यायचा तेव्हाचा. पेरू… मानेजवळ असा यायचा, तो लहान असताना तर नक्की. पण हा तो नाही. कुणीच तो नाही." प्रत्येकात थोडासा आणि पुरा कुणातच नाही. मी समजावताना म्हणाले होते वाटणी होते म्हणून, आणि आता ती वाटणी तिच्या हातात दिली होती. फार वाईट वाटायचं मला. रागही यायचा, त्या मुलाचा, कधी न पाहिलेल्या. चांगली दोरी बांधून चढायला काय झालं होतं?

तोवर तिची भाची ॲरिझोनातून फोन करकरून घराचं ठरवून बसली होती. म्हातारी उन्हाळ्यात जिन्यात एकदा घसरली होती, तेवढं निमित्त पुरलं. घर विकायचं, म्हातारीने भाचीच्या गावी चँडलरला एका वृद्धांच्या निवासात जायचं. सोमवारी एजंट घर बघायला येणार होता. त्याआधी तळघर रिकामं व्हायला हवं होतं, आमच्यासाठीही आणि तिच्यासाठीही. झाडं आम्ही आधीच कापून उलटी टांगली होती, ती कडक वाळली होती.

शुक्रवारी दुपारी तिने मला खाली बोलावलं. नवरा ऑफिसात. बैठकीच्या खोलीत एक जुनी शेकोटी होती, कित्येक वर्षं न पेटवलेली. म्हातारीने तिथे चार लाकडं जाळून निखारे केले होते.

"तो ओढायचा. मी नुसती फुलं हुंगत बसले. धुरात असेल."

निखाऱ्यावर ऊद घालतात तसं मी एकेका झाडाचं बोंड टाकलं. एक विरेपर्यंत थांबायचं, खिडकी उघडायची, मग दुसरं. रॉकेलवालं. तिने मान हलवली. लिंबाचं. नाही. पेरूचं टाकलं तेव्हा तिने श्वास रोखला, आणि सोडला. मातीचं नाही. शेवटी स्कंकचं, तेही नाही. तिने काही आरडाओरडा केला नाही. हात मांडीवर ठेवून बसली, आणि मला तिचं सोमवारनंतरचं आयुष्य दिसलं, वाळवंटातली एक पांढरी खोली, जिथे त्याचं पाऊल कधीच पडलेलं नाही.

"सॉरी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"तुझा काय दोष. जाळून टाक सगळं. एजंटला सापडायला नको."

मी तळघरातून सगळी झाडं टोपलीत भरून आणली, दांड्या, पानं, फुलं, सगळी एकत्र, आणि निखाऱ्यांवर रिती केली. धुराड्याची झडप अर्धीच उघडली असावी. धूर वर जाण्याऐवजी खोलीत वळला. मी खोकत खिडकीकडे निघाले.

"उघडू नकोस," म्हातारी म्हणाली.

तिचा आवाज वेगळा होता. मी थांबले. आणि मला तो वास आला. रॉकेल नाही, लिंबू नाही, पेरू नाही. पाचही होते आणि एकही वेगळा काढता येत नव्हता. दाट, गोडसर, थोडा उग्र, घामाजलेल्या, दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसासारखा. जे एका झाडात होतं ते फुटून पाचांत गेलं होतं, आणि मी इतके दिवस त्या पाचांतला एक निवडत बसले होते. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी माझ्या अंगावर काटा आला, कारण खोलीत कुणीतरी आलं होतं.

म्हातारी उठून उभी राहिली, खुर्चीला न धरता. तळघराच्या जिन्याच्या दाराकडे वळली, आणि रोजच्या, त्रासलेल्या, भांडखोर आवाजात म्हणाली, "बूट काढ आधी. आत्ता पुसलंय."

मीही त्या दाराकडे बघितलं. धुरात मला दार नीट दिसत नव्हतं. ती मात्र बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी किंवा नंतर कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. ती त्याच्याशी बोलत राहिली. जेवलास का, इतका उशीर का, जाकीट खुर्चीवर टाकू नकोस. मी भिंतीला टेकून उभी होते, हात टोपलीवर. किती वेळ गेला सांगता येत नाही.

मग धूर पातळ व्हायला लागला. आधी पेरू गेला, मग लिंबू. शेकोटीत दांड्या लाल होऊन कोसळल्या. म्हातारीने घाईघाईने हवेत नाक फिरवलं, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला.

"आणखी टाक, हनी. लवकर. तो चाललाय."

मी टोपली उलटी करून झटकली. थोडा चुरा पडला, तोही मी बोटांनी गोळा करून निखाऱ्यावर टाकला. तिचा हात तसाच मागे पसरलेला होता, आणि माझ्याकडे त्यावर ठेवायला काही नव्हतं.